कारण : रानडुक्कर नाही

सायकल क्लबच्या अर्जात चौथा प्रश्न होता, ‘आपली सायकल कोणत्या प्रकारची आहे?’ मी लिहिलं, ‘नाही.’ पाचवा होता, ‘किती वर्षांपासून चालवता?’ मी लिहिलं, ‘येत नाही.’ सहावा होता, ‘आतापर्यंत झालेले अपघात.’ तिथे मात्र मी सुवाच्य अक्षरात ‘निरंक’ लिहून सही केली. वय, बासष्ट.

ह्यांनी चष्मा कपाळावर चढवून अर्ज वाचला. “एवढं स्वच्छ रेकॉर्ड त्या क्लबात दुसऱ्या कुणाचं नसेल,” म्हणाले.

“नोटिशीत लिहिलंय, वयाची अट नाही.”

“अगं, वयाची अट नाही असं लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जास्तीत जास्त चाळिशीचा माणूस असतो.”

नोटीस आमच्या इमारतीच्या जिन्याखाली लागली होती. काही हौशी मंडळींनी मिळून आमच्या मागच्या डोंगरावर सायकलींसाठी वाट बांधायला घेतली होती. बांधायची आणि मग राखायची, सगळं स्वतःच्या हातांनी, सुटीच्या दिवशी. स्वयंसेवक हवे होते. त्याखाली नकाशा होता. आमच्या बाजूच्या पाण्याच्या टाकीपासून डोंगरमाथ्यापर्यंत ठळक रेघ, आणि माथ्यावरून पलीकडे उतरणारी ठिपक्याठिपक्यांची. ती ठिपक्यांची रेघ जिथे संपत होती तिथे शाळा दाखवली होती. शाळेच्या मागच्या गल्लीत माझी धाकटी बहीण राहते. मी जिन्यात उभी राहून त्या शेवटच्या ठिपक्याकडे इतका वेळ बघत होते की वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी मला चक्कर आली असं समजून पाणी आणलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. आम्हा दोघी बहिणींना गाडी लागते. इतरांना वळणावर लागते. धाकटीला गाडी सुरू झाली की लागते. मला सुरू होणार आहे एवढं कळलं तरी पुरतं. आमच्या वडिलांनी ही गोष्ट इतकी मनावर घेतली होती की आम्हा दोघींची स्थळं त्यांनी नकाशा समोर ठेवून ठरवली. डोंगराच्या अलीकडे मी, पलीकडे ती, मधल्या पायवाटेने पन्नास मिनिटं. चौतीस वर्षं आम्ही दर गुरुवारी भेटलो, एक गुरुवार मी जायची, एक गुरुवार ती यायची. चार वर्षांपूर्वी दरड कोसळली, पायवाट दरडीबरोबर गेली, आणि आमच्यामध्ये सत्तावन्न वळणांचा घाटरस्ता तेवढा उरला. गोळी, लिंबू, पुढची सीट, पोटाला बांधलेलं वर्तमानपत्र, असं सगळं करून मी एकदा तिसऱ्या वळणापर्यंत पोचले होते. ती पलीकडून पाचव्यापर्यंत. मधली एकोणपन्नास वळणं तेवढी राहिली.

तेव्हापासून गुरुवारी फोन. पण फोनवर बोलून बोलून किती बोलणार? भेटीत माणूस गप्प बसू शकतो, फोनवर गप्प बसलं की पलीकडून “हॅलो, हॅलो” येतं. शेवटी आम्ही फोन कानाशी दाबून दोघी आपापली भाजी निवडत बसायला लागलो. शेंगा मोडल्याचा आवाज आला की कळायचं, आहे.

आणि आता धाकटीचा मुलगा तिला कायमची आपल्याकडे न्यायला निघाला होता. तिचे यजमान गेल्यापासून ती एकटीच होती, त्याचंही चूक नव्हतं. आगगाडीचा दीड दिवसाचा प्रवास होता, झोपेची गोळी देऊन न्यायची असं ठरलं होतं. तारीख वीस, म्हणजे बरोबर दहा आठवड्यांनी. आणि नोटिशीत लिहिलं होतं, ‘वाट आठ आठवड्यांत पूर्ण.’ मी बोटांवर मोजलं. दोन गुरुवार हाताशी राहत होते. एक माझा, एक तिचा.

वरच्या वहिनींनी सल्ला दिला, “डोक्याला हेल्मेट, गुडघ्यांना पॅड, कोपरांना पॅड. आणि खरं सांगू का, जाऊच नका.”

क्लबचे अध्यक्ष एक दंतवैद्य होते. बोलताना समोरच्याच्या दातांकडे बघायची त्यांना सवय. त्यामुळे सभेत सगळे ओठ मिटून बसत आणि ठराव एकमताने मंजूर होत. माझा अर्ज त्यांनी उलटसुलट करून दोनदा वाचला. मग म्हणाले, “काकू, तुम्हाला नक्की काय करायला आवडेल?”

मी म्हटलं, “मला पलीकडे जायचंय.”

“काय म्हणाल्या?” मागून क्लबातल्याच एका प्लंबरने विचारलं. माझा आवाज मुळात बारीक. प्लंबरचा आवाज नेमका उलटा. आयुष्यभर गच्चीवरून तळमजल्याला “सोडाऽऽ! बंद कराऽऽ!” असं ओरडून तो इतका तयार झाला होता की तो कानात कुजबुजला तरी दचकायला व्हायचं.

तर मी क्लबात दाखल झाले. दर रविवारी डोंगरावर झेंड्या लावलेल्या रेषेवरून गवत काढायचं, मुळं तोडायची, कुदळीने उतार कापून हातभर रुंद वाट काढायची, फावड्याने माती चोपायची. मला घमेली उचलायला दिली. मी अर्धं घमेलं उचलायची आणि देवाचं नाव घेत चालायची. नामाला लय असते, ती मी सोडली नाही. माझ्यामागे नेहमी रांग लागे. पुढे कुणीतरी विचार करून मला खाली टाकीपाशी पाण्याची पिंपं भरायच्या कामावर ठेवलं. पुढे जे झालं त्याचं मूळ तिथेच आहे. ज्या रविवारी प्लंबरने सगळ्यांना वाटेवरच्या पाण्याबद्दल समजावून सांगितलं, त्या रविवारी मी खाली पिंपापाशी होते. त्याचा आवाज तिथवर आला. शब्द नाही आले.

माझे काही रोजचे नेम आहेत. सकाळी दिवा, प्रार्थनेचं एक पान, खोटं बोलायचं नाही, आणि जिथून माणसं जातात अशी थोडी तरी जागा रोज स्वतःच्या हाताने झाडायची. अकरा वर्षं मी आमच्या इमारतीपुढचा रस्ता झाडत होते. गेल्या वर्षी सोसायटीने झाडण्याचं यंत्र आणलं, आणि ते यंत्र माझ्या आधी उठायला लागलं. तेव्हापासून माझा झाडू बेकार होता. कधी जिना झाड, कधी गच्ची झाड, असं उसनं पुण्य चाललं होतं. डोंगरावरची पहिली चारशे मीटर वाट तयार झाली, तेव्हा मला वाटलं, ही देवानेच माझ्यासाठी काढली.

सोमवारपासून सहा दिवस मी रोज पहाटे वर गेले. वाट कुणी नीट आवरलीच नव्हती. दर वीसेक पावलांवर कुणीतरी घाईत मातीचा आडवा उंचवटा तसाच टाकून दिला होता. मी तो पसरून समोरच्या खळग्यात भरला आणि पायाने चोपला. एका वळणावर तर भलेमोठे दगड पार वाटेच्या मधोमध पडले होते, इतके वेडेवाकडे की कुणीही धडपडावं. ते मी एकेक करून बाजूला नेले, आणि नुसते टाकले नाहीत, आकाराप्रमाणे ओळीने लावले. सहाव्या दिवशी वाट अशी झाली होती की तिच्यावर पाट मांडून जेवायला बसावं. प्रत्येक दगड उचलताना मी मनात म्हणायची, तेवढीच धाकटी जवळ आली.

रविवारी मंडळी वर आली. मी मुद्दाम पिंपं लवकर भरून त्यांच्या मागोमाग गेले. स्तुतीची हाव नव्हती, पण कुणी केलीच तर समोर असावं.

दंतवैद्य वळणावर उभे होते. भूल न देता दात उपटल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. “रॉक गार्डन,” ते म्हणाले. “आपलं रॉक गार्डन.”

त्यावर एकच गलका झाला. ते दगड म्हणे तीन रविवार खपून, एकेक पारखून, सायकलवाल्यांची परीक्षा बघायला मांडले होते. आणि उंचवटे? उंचवटे तर वाटेचा जीव! हे टोळभैरवांचं काम, पोलिसांत द्या, पहारा बसवा, असं ज्याला जे सुचेल ते तो बोलत होता.

“मी केलं,” मी म्हटलं.

“शेजारच्या कॉलनीतली मुलं असणार.”

“मी केलं.”

“मुलं दगड ओळीने कशाला लावतील? हे कुणीतरी विकृत आहे.”

तिसऱ्यांदा मी ते म्हटलं तेव्हा नेमके सगळे श्वास घ्यायला थांबले होते. सगळ्यांनी वळून पाहिलं. माझ्या हातात झाडू होता. मला कुणी विकृत म्हटल्याचं हे पहिलंच, आणि म्हणणारा माझ्याच हातचं पाणी पीत होता.

शेवटी प्लंबरने जवळ येऊन, त्याच्या परीने हळू, सांगितलं, “मावशी, उंचवटा आला की पाणी अडतं आणि बाजूला उतरून जातं. उंचवटा नसला की तेच पाणी वाटेवरून सरळ खाली धावतं. आता पाऊस यायच्या आत परत करायला हवं.”

पाऊस बुधवारी दुपारी आला. अवकाळी, काही मोठा नाही, चहाला उकळी येईपर्यंत थांबलासुद्धा. पण माझी गुळगुळीत वाट त्याला फार आवडली असावी. चारशे मीटरची माती गोळा करून तो खाली उतरला तो थेट वनखात्याच्या कचेरीच्या आवारात. तिथे रोपं होती आणि साहेबांची नुकतीच धुतलेली जीप होती. रोपं वाचली.

गुरुवारी काम थांबवल्याचा कागद आला. चौकशी होईपर्यंत डोंगरावर कुदळ लावायची नाही. दंतवैद्य आणि मी कचेरीत गेलो. टेबलामागे कारकून होता. मोठा सज्जन माणूस. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या, छापील फॉर्म काढला आणि पेनाचं टोपण दातांत धरून म्हणाला, “हं. नुकसानीचं कारण. तीनच रकाने आहेत. नैसर्गिक, मानवी, वन्य प्राणी. नैसर्गिक लिहिलं तर हवामान खात्याचा दाखला लागतो, दोन महिने. मानवी लिहिलं तर रीतसर चौकशी, जबाब, पंचनामा, एकवीस दिवस. वन्य प्राणी लिहिलं तर काही नाही. उद्या सकाळी काम सुरू करा.”

“वन्य प्राणी लिहा,” दंतवैद्य लगेच म्हणाले.

“कोणता?”

“कोणता चालतो?”

“रानडुक्कर बरं पडतं. माती उकरतं, दगड हलवतं. साहेब कधी विचारत नाहीत.” त्याने लिहायला सुरुवात केली. “बाई, इथे सही करा. प्रत्यक्षदर्शी म्हणून. ‘मी रानडुकरास वाट उकरताना समक्ष पाहिले.’”

मी पेन हातात घेतलं. भिंतीवर दिनदर्शिका होती, आणि वीस तारीख लांबूनही दिसत होती. एकवीस दिवस गेले तर वाट वीस तारखेआधी होत नाही, हे गणित मला तोंडपाठ होतं. उद्या काम सुरू झालं तर एखादा गुरुवार तरी मिळत होता. एकच सही करायची होती. आणि सही करायला हरकत काय होती? रानडुक्कर काही तक्रार घेऊन येणार नव्हतं.

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, “रानडुक्कर नव्हतं हो. मी होते.”

“ते कळलं बाई. पण कागदावर...”

“कागदावरही मीच होते.”

दंतवैद्यांनी डोळे मिटले. कारकुनाने टोपण दातांतून काढलं, फॉर्म फाडला, दुसरा घेतला, आणि ‘मानवी’वर खूण करून खाली साधनाच्या रकान्यात लिहिलं, ‘झाडू’. मग उठून मला पाणी दिलं. “बावीस वर्षं हा फॉर्म भरतोय,” तो म्हणाला, “या रकान्यावर खूण आज पहिल्यांदा केली.”

घरी येऊन मी दिवा लावला आणि देवासमोर बसून खूप रडले. देवाकडे मागितलं काहीच नाही. त्यालाही संकोच वाटत असावा, असं मला वाटलं.

संध्याकाळी धाकटीचा फोन. मी सगळं सांगितलं. पलीकडे शेंगा मोडायच्या थांबल्या.

“ताई,” ती म्हणाली, “एकदा, एकच दिवस, डुक्कर व्हायला काय झालं होतं तुला?”

मी हातातली शेंग तशीच धरून ठेवली.

“लहानपणी तू आईला माझी नावं अशीच सांगायचीस. खरं बोलायचं म्हणून.”

“अगं...”

“राहू दे. तू तशीच आहेस.” मग खूप वेळाने एक शेंग मोडल्याचा आवाज आला.

एकवीस दिवस क्लबात माझ्याशी सगळे फार आदराने वागले. आदर किती टोचू शकतो हे मला तेव्हा कळलं. मी झाडू उचलला की चार माणसं धावत येऊन म्हणायची, “काकू, तुम्ही बसा ना.” ह्यांनी मात्र घरी एक अवाक्षर काढलं नाही. फक्त एकदा मी कणीक मळत असताना म्हणाले, “नकाशावर ती वाट बोटभरच दिसते गं.” ती कणीक मग फार मऊ झाली.

बाविसाव्या दिवशी सकाळी मी टाकीपाशी गेले तर दंतवैद्य हजर. शुक्रवार होता. मी विचारलं, “दवाखाना?”

“बंद ठेवलाय. दात दुखणारे थांबतील, वीस तारीख थांबणार नाही.” त्यांना कुणी सांगितलं होतं ते मला आजही माहीत नाही. ह्यांना विचारलं तर ते वर्तमानपत्र उलटं धरून वाचत होते. प्लंबरनेही गावभरचे नळ तसेच ठिबकत ठेवून पहार खांद्यावर घेतली. पहिल्यांदा त्यांनी उंचवटे परत केले आणि प्रत्येक उंचवट्यापाशी मला उभं करून, विद्यार्थ्याला करतात तसं, पाणी कुठून येतं, कुठे जातं, माझ्याकडून म्हणवून घेतलं. मग पुढची वाट. महिन्याचं काम त्या माणसांनी रोज येऊन तीन आठवड्यांत ओढलं. एकोणीस तारखेला सकाळी आम्ही माथा ओलांडून दरडीच्या घळीशी पोचलो.

घळीवर चाळीस फुटांचा लाकडी पूल व्हायचा होता. ओंडके आले होते, माणसं होती. परवानगी नव्हती. घळीच्या बरोबर मधोमध दोन वनविभागांची हद्द जात होती, आणि पलीकडच्या विभागाचं पत्र यायचं होतं. कारकुनाने अगदी मनापासून सुचवलं होतं, “तोवर आपल्या हद्दीतला अर्धा पूल बांधून ठेवा.”

मी घळीच्या कडेला उभी राहिले. पलीकडे जुन्या पायवाटेचा उरलेला तुकडा दिसत होता. त्यावर, फोनवर ठरलं होतं तशी, निळी छत्री होती. छत्रीखाली धाकटी.

चार वर्षं. ती बारीक झाली होती, आणि केस सगळे पांढरे. मी काहीतरी म्हटलं. ते माझ्या पायापर्यंतसुद्धा पोचलं नसेल.

“काय गंऽऽ?” धाकटी ओरडली. तिचा आवाज चांगला खणखणीत आहे.

प्लंबर माझ्या शेजारी आला. “मावशी, मला सांगा. मी पोचवतो.”

“तिला म्हणावं, बारीक झालीस.”

“मावशी म्हणतात, बारीक झालाऽऽत!”

“तिला म्हणावं, तूही काही जाड झालेली नाहीस!” पलीकडून उत्तर आलं.

“गोळीची तारीख बघून घे म्हणावं. मुदत संपलेली नको.”

“गोळीची मुदऽऽत! बघून घ्या!”

“बघितली! आणि तिला म्हणावं, मला लिंबूसुद्धा बांधून दिलंय! आगगाडीत लिंबू! बघ कसला मुलगा आहे!”

असं चाललं होतं. अख्खा क्लब कुदळी टेकवून ऐकत होता आणि ऐकत नसल्याचं दाखवत होता. दंतवैद्य तर एका झाडाची साल तपासत होते. आमची सांधेदुखी, तिच्या घराची किल्ली कुणाकडे, माझ्या डाळीला लागलेले टोके, सगळं त्या डोंगराला ऐकू गेलं. मग दोघींचं बोलणं संपलं. समोरासमोर होतो, म्हणून कुणी हॅलो म्हटलं नाही. बराच वेळ नुसत्या बघत बसलो.

मग मी प्लंबरला एक वाक्य सांगितलं.

त्याने कान खाली केला. मी परत सांगितलं. त्याने पलीकडे तोंड केलं, छाती भरून घेतली, आणि तसाच उभा राहिला. मग डोक्यावरची टोपी काढली. “मावशी,” तो खरोखरच हळू म्हणाला, “हे मला ओरडून नाही हो सांगता येणार.”

“काय म्हणते ती?” पलीकडून हाक आली.

प्लंबरने माझ्याकडे पाहिलं. मग ओरडला, “मावशी म्हणतात, ऊन झालंय! निघा आताऽऽ!”

“एवढंच? एवढा वेळ लागला एवढ्याला?”

“एवढंऽऽच!”

“खोटं बोलतोस तू!” धाकटी ओरडली आणि पदराने तोंड पुसलं. मी त्याला दुरुस्त केलं नाही. निळी छत्री वळणापर्यंत गेली, वळणावर थांबली, आणि मग वळली.

पलीकडच्या विभागाचं पत्र सोळा दिवसांनी आलं. पूल झाला. पहिली सायकल जायच्या आधी मला पुढे केलं गेलं. वास्तविक मला पलीकडे काही काम नव्हतं. तरी गेले. उतरायला बावीस मिनिटं लागली. शाळेच्या मागची गल्ली, तिसरं दार. कुलूप होतं, ते असणारच होतं. मी दाराबाहेरच्या पायरीवर बसले, घाम पुसला, आणि परत आले. गुरुवार होता.

संध्याकाळी फोन केला. “आज तुझ्याकडे येऊन गेले,” म्हटलं.

“माझ्याकडे?” पलीकडे एक रेल्वेइतका लांब सुस्कारा. “मी नसताना बरी आलीस. मग? काय केलंस?”

“बसले जरा. पायरीवर.”

“कुठल्या बाजूला?”

“उजव्या.”

“उजवीकडे कशाला बसलीस? तिथे नऊ वाजता ऊन येतं. डावीकडे बसत जा.”

आता मी डावीकडे बसते.